एकशे बेचाळिसाव्यांदा तीच जाहिरात

निपाणीचं नाव ज्या मालानं दूरदूर पोचवलं, त्या तंबाखूची जाहिरात करता येत नाही. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा २००३ चा कायदा १ मे २००४ पासून लागू झाला. तेव्हापासून विक्रीच्या जागेवरची मोजकी सवलत सोडली तर वर्तमानपत्र, टीव्ही, भिंती, होर्डिंग असे सगळे रस्ते या मालाला बंद झाले. गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर जायला उरला तो फक्त पुडा. आणि त्या पुड्यावरची सगळ्यांत मोठी जागा गिऱ्हाइकाला माघारी फिरवणाऱ्या चित्रानं व्यापलेली.

हे चित्र ३१ मे २००९ पासून छापलं जातं. सुरुवातीला ते पुड्याच्या पुढच्या बाजूचा ४० टक्के भाग अडवायचं. एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग त्याच्या वाट्याला गेला. कर्नाटक उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये ८५ टक्क्यांचा नियम रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. या ओढाताणीच्या बातम्या निपाणीत बारकाईनं वाचल्या गेल्या असणार. पण जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसानं वाचावं असं कलम दुसरंच आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत चित्रांचे दोन संच ठरवून दिले होते: पहिला बारा महिने छापायचा, मग तो बदलून दुसरा आणायचा. कर्करोगानं पोखरलेल्या घशाचं चित्रसुद्धा रोज पाहिलं की दिसेनासं होतं, हे सरकारनं गृहीत धरलं आणि त्यावरचा उपाय नियमातच लिहून ठेवला. तंबाखू-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारातही हे इशारे आलटून-पालटून छापावेत असं म्हटलं आहे.

जे चित्र भीती घालण्यासाठी आहे त्याची ही गत, तर ‘साड्यांवर २० टक्के सूट’ असं सांगणाऱ्या चौकोनाचं काय होत असेल?

इंटरनेटवरची पहिली मोठी बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर झळकली. ती एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. पाहणाऱ्या शंभर जणांपैकी ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं असं सांगितलं जातं. आज हजारातल्या दोन-चार जणांनी केलं तरी जाहिरातदार खूश असतो. ही घसरण सुरू व्हायला फार काळ लागला नाही. डबलक्लिक ही जाहिराती पुरवणारी कंपनी १९९६ मध्ये निघाली आणि त्याच सुमारास तिच्या पाहणीत दिसलं, की एकाच माणसाला तोच बॅनर चौथ्यांदा दिसला की प्रतिसाद एक टक्क्याच्या खाली जातो. १९९८ मध्ये राइस विद्यापीठातल्या जॅन बेनवे आणि डेव्हिड लेन या दोघांनी आणखी पुढचं दाखवून दिलं. पानावरची एखादी गोष्ट जितकी ठळक आणि जाहिरातीसारखी दिसेल, तितकी ती लोकांच्या नजरेतून सुटते. त्यांना हवी असलेली माहिती त्याच चौकटीत लिहिलेली असली तरी.

म्हणजे गोष्ट जुनी आहे आणि जगभरची आहे. तरी बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात ती वेगळ्या तीव्रतेनं जाणवते, आणि त्याचं कारण इथल्या वाचकात आहे.

सीमाभागातला मराठी वाचक सवयीचा वाचक आहे. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. कोल्हापुरात ग. गो. जाधवांनी काढलेल्या ‘पुढारी’ची बेळगाव आवृत्ती निघते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर इथल्या मराठी माणसाला स्वतःच्या गावाची, स्वतःच्या प्रश्नाची बातमी स्वतःच्या भाषेत मिळण्याचं ठिकाण म्हणजे ही वर्तमानपत्रं. सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल असो, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेला या भागावरचा महाराष्ट्राचा दावा असो किंवा १ नोव्हेंबर २०१४ रोजी झालेलं ‘बेळगावी’ हे नामांतर असो, ‘आज काय झालं’ हे पाहायला तो रोज येतो. हीच सवय पुढं मोबाइलवर आली. वर्तमानपत्रांची संकेतस्थळं झाली, ई-पेपर झाले, दोन-तीन माणसांनी चालवलेली स्थानिक बातम्यांची पोर्टलं निघाली. पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला किंवा आखातात नोकरीला गेलेला बेळगावकरही सकाळी तिथंच डोकावतो.

संपादकाला असा वाचक म्हणजे वरदान. जाहिरात विभागाला तोच अवघड जातो.

थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण लहान पोर्टलाच्या जगात न शोभणारे नाहीत. समजा, एका पोर्टलावर महिन्याला २० हजार वेगवेगळे फोन येतात आणि सगळी मिळून पानं ६ लाख वेळा उघडली जातात. पोर्टलवाला दुकानदाराला सांगतो, ‘तुमची जाहिरात ६ लाख वेळा दिसली.’ खोटं नाही. पण २० हजारांतले १६ हजार जण व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून एकदा-दोनदा येऊन जातात. त्यांची धरली ३२ हजार पानं. उरलेली ५ लाख ६८ हजार पानं रोज येणाऱ्या ४ हजार जणांनी उघडलेली. म्हणजे साडीच्या दुकानाचा तो बॅनर या प्रत्येकाला महिन्यात १४२ वेळा दिसला. चौथ्यांदाच प्रतिसाद ढासळत असेल, तर पुढच्या १३८ वेळांचे पैसे कशासाठी दिले?

मोठ्या शहरात हे लपून जातं. तिथं वाचकांची गर्दी इतकी की रोज नवे चेहरे येत राहतात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत आहे आणि निपाणीची साठ हजारांच्या थोडी वर. त्यातले मराठी वाचणारे, त्यातले मोबाइलवर वाचणारे, त्यातले खरेदीला निघालेले असे गाळत गेलं की विहिरीचा तळ लवकर लागतो. लहान गावात जाहिरात जास्त लोकांपर्यंत पोचत नाही, तर त्याच लोकांपर्यंत जास्त वेळा पोचते. या एका फरकाकडे दुर्लक्ष झालं की पुढचं सगळं गणित चुकतं.

दुर्लक्ष का होतं, याचं मूळ व्यवहाराच्या पद्धतीत आहे. स्थानिक पोर्टलावरची जागा बहुधा महिन्याच्या भाड्यानं जाते. बॅनर एकदा लावला की महिना संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. बॅनर येतो तोही फ्लेक्सवाल्याकडून. चौकातल्या दहा बाय वीसच्या फ्लेक्ससाठी कोरल-ड्रॉमध्ये केलेलं डिझाइन ३०० बाय २५० पिक्सेलच्या चौकोनात कोंबलं जातं. मालकाचा फोटो, तीन फोन नंबर, पत्ता, देवाचं चित्र, ‘आमची कुठेही शाखा नाही’, सगळं तसंच. बेळगावच्या धर्मवीर संभाजी चौकात सिग्नलला थांबलेल्या माणसाला हा मजकूर वाचायला अर्धा मिनिट मिळतो. फोनवर अंगठा फिरवणाऱ्याला सेकंदही नाही. शिवाय फ्लेक्स काही दिवसांत उतरतो, तिथं दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाचा चढतो. पोर्टलावरचा चौकोन मात्र गणपतीत लागला तो दसरा ओलांडून जातो.

छापील वर्तमानपत्राला हे दुखणं इतकं नव्हतं. आतल्या पानावरच्या लहान जाहिराती आठवाव्यात: निधनवार्ता, पुण्यस्मरण, जाहीर नोटीस, वधू-वर, ‘पाहिजेत’, भाड्यानं देणे. त्यांची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही. तरी अनेक घरांत आधी ती पानं उघडली जातात, कारण तिथलं नाव, तिथली जागा, तिथला दर रोज वेगळा असतो. रोज येणाऱ्या वाचकाला रोज नवं काही देणारी जाहिरात ही बातमीच असते. नव्या माध्यमातल्या सल्लागारांनी मोठ्या शब्दांत सांगितलेल्या बऱ्याच युक्त्या या बारीक टाइपातल्या रकान्यांत आधीपासून होत्या.

आता उलट बाजू. पुनरावृत्ती वाईटच असती तर ‘वॉशिंग पावडर निर्मा’ आजही लोकांच्या ओठांवर नसतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा दिसत राहिली तरी माणसाला ती आवडू लागते. हर्बर्ट क्रुगमन हे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधक होते. १९७२ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात तीन वेळांचा हिशेब आहे. पहिल्यांदा माणूस विचारतो, हे काय आहे? दुसऱ्यांदा, याचं मला काय? तिसऱ्यांदा फक्त आठवण होते आणि तिथंच तो निर्णय घेतो किंवा सोडून देतो. या दोघांचं आणि डबलक्लिकचं म्हणणं एकमेकांना छेद देतं असं वाटेल. पण रेडिओ, थिएटर आणि दूरदर्शनच्या काळात कान-डोळे मिटून घेण्याची सोय नव्हती. चित्रपट सुरू होण्याआधी विको वज्रदंतीची जाहिरात पाहावीच लागे. फोनवर सुटकेला अंगठा पुरतो.

मग ओळखही टिकावी आणि कंटाळाही येऊ नये, हे कसं साधायचं? याचं भारतातलं सगळ्यांत टिकाऊ उत्तर अमूलच्या होर्डिंगवर आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या संस्थेनं १९६६ मध्ये ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आणली. मुलगी तीच, लोण्याचा तुकडा तोच, अक्षरं तीच. बदलतो तो प्रसंग. कधी क्रिकेट, कधी निवडणूक, कधी सिनेमा. अर्धशतकाहून अधिक काळ लोक मुद्दाम मान वळवून ती जाहिरात पाहतात.

बेळगावच्या शहापूर किंवा खडेबाजारातल्या कापड दुकानदाराला डाकुन्हा परवडणार नाहीत, पण गोष्ट खर्चाची नाही. दुकानाचं नाव आणि रंग कायम ठेवून महिन्याच्या भाड्यात आठ वेगळे बॅनर करून घेता येतात. प्रत्येकावर एकच साडी, एकच किंमत, एकच फोन नंबर. इथल्या वर्षालाही स्वतःची चाल आहे. बेळगावात शिवजयंती वैशाखात आणि चित्ररथांसह होते. गणपती आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रा आहेत, निपाणीचा उरूस आहे, ऊस गाळपाचा हंगाम आहे, लग्नसराई आहे. निपाणी परिसरात तंबाखूचे आणि उसाचे पैसे हातात कधी येतात हे तिथल्या मोटारसायकल विक्रेत्याला तोंडपाठ असतं. त्याच्या जाहिरातीच्या वेळापत्रकाला मात्र ते ठाऊक नसतं.

दुसरा उपाय मोजून दाखवण्याचा. एका माणसाला एक जाहिरात दिवसात किंवा आठवड्यात अमुक वेळांपेक्षा जास्त दिसू नये, अशी मर्यादा घालायची सोय जाहिरातींच्या बहुतेक यंत्रणांत असते. फेसबुकच्या जाहिरात-पटलावर तर प्रत्येक माणसाला सरासरी किती वेळा दिसली याचा वेगळा रकानाच असतो. दुकानाची फेसबुक जाहिरात सांभाळणाऱ्या भाच्यानं तो कधी उघडलेला नसतो, एवढंच. पोर्टलमालकाला मर्यादेची भीती वाटते, कारण जागा रिकामी राहील असं त्याला वाटतं. वरच्याच हिशेबात पाहा. तोच चौकोन एका दुकानाला महिनाभर देण्याऐवजी दहा दुकानांत फिरवला, तर रोजच्या वाचकाला प्रत्येक दुकान महिन्यात साधारण १४ वेळा दिसतं, आणि मालकाच्या यादीत एका ग्राहकाऐवजी दहा येतात. प्रत्येकानं निम्मं भाडं दिलं तरी पाचपट. महिना विकण्याऐवजी वेळा विकायच्या, इतकाच हा बदल आहे, आणि तो न होण्याचं कारण आळसाशिवाय दुसरं दिसत नाही.

मर्यादा पाळण्यातही मेख आहे. ती पाळायची तर यंत्राला माणूस ओळखता आला पाहिजे. ती ओळख कुकी नावाच्या लहानशा खुणेवर चालते. नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये ती कल्पना आणली. ॲपलच्या सफारीनं परक्या कंपन्यांच्या कुकी मार्च २०२० पासून पूर्ण बंद केल्या. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये क्रोममधूनही त्या दोन वर्षांत काढू असं जाहीर केलं, मग मुदत वाढवत नेली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तेच चालू राहील असं सांगून टाकलं. संकेतस्थळाची स्वतःची कुकी मात्र चालते, आणि लहान पोर्टलाला तेवढी पुरते. तरी एक फसगत राहते. फेसबुकवरच्या दुव्यावरून आलेलं पान फेसबुकच्याच पोटातल्या ब्राउझरात उघडतं, व्हॉट्सॲपवरून आलेलं क्रोममध्ये. माणूस एक, फोन एक, खुणा दोन. मर्यादा तीनची घातली तर त्याला जाहिरात सहा वेळा दिसते.

स्वतः जाहिराती गोळा करायला माणूसबळ नसलं की पोर्टलं गूगलच्या ॲडसेन्सवर विसंबतात. ही सेवा २००३ ची. तिच्या भाषांच्या यादीत हिंदी आली डिसेंबर २०१४ मध्ये आणि मराठीला त्यानंतरही थांबावं लागलं. यंत्र जाहिराती आपोआप बदलतं, त्यामुळं कंटाळ्याचा प्रश्न कमी होतो. पण सीमाभागात यंत्राची वेगळीच तारांबळ उडते. मोबाइलचं ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलं तर ते अनेकदा ढोबळ निघतं, आणि बेळगावचा वाचक बेंगळुरूचा समजला जाऊ शकतो. मग मराठी बातमीखाली बेंगळुरूच्या फ्लॅटची जाहिरात, तीही कन्नडमध्ये. बेळगावात कन्नड वाचणारे भरपूर आहेत, अडचण भाषेची नाही. अडचण चारशे-पाचशे किलोमीटरवरच्या फ्लॅटची आहे.

निपाणीत तर हद्दच गावाला चिकटून आहे. निपाणीची मुलं ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात; विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी. शाळा कर्नाटकच्या एसएसएलसीची, पुढचं शिक्षण रस्त्यापलीकडच्या राज्यातलं. ‘कर्नाटक’ असं राज्य निवडून लावलेली प्रवेशाची जाहिरात अर्ध्या गिऱ्हाइकाला कधी दिसतच नाही आणि उरलेल्या अर्ध्याला दुपटीनं दिसते. याला सोपा तोडगा आहे. गूगलच्या जाहिरात-पटलावर राज्य न निवडता निपाणीभोवती तीस-चाळीस किलोमीटरचं वर्तुळ काढता येतं. त्यात कागल, गडहिंग्लज, चिकोडी, संकेश्वर सगळे येतात. जो पट्टा बाजाराला कायम एकच होता, तो जाहिरातीलाही एकच होतो. तिथंच आणखी एक खूण तपासावी लागते. मुद्दाम बदलली नाही तर आधीपासून असलेली निवड ही त्या भागात असलेल्यांबरोबरच ‘त्या भागात रस असलेल्यांना’ही जाहिरात दाखवते. बेळगावातल्या प्लॉटची जाहिरात करणाऱ्याला पुण्यातला बेळगावकर हवाच असतो. टिळकवाडीत जेवणाचे डबे पोचवणाऱ्याला तो काय कामाचा?

भाषेचा प्रश्न दुकानाच्या पाटीवर जास्त तापतो. कर्नाटकानं २०२४ मध्ये दुरुस्त केलेल्या कायद्यानं नामफलकावर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं आणि बेळगावातल्या मराठी पाट्यांचं राजकारण पुन्हा पेटलं. ती अट फलकाची; पोर्टलावरच्या चौकोनात दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाची भाषा अजून स्वतः निवडू शकतो. काहींनी मराठी आणि कन्नड असे दोन बॅनर आळीपाळीनं लावले, तर दोन्हीकडचं गिऱ्हाईक मिळेल आणि बदलही होईल.

जाहिरात दिसत नाही म्हटल्यावर सगळ्यांत आधी सुचणारा उपाय म्हणजे ती अंगावर सोडणं. बातमी उघडताच पडदाभर पसरणारी, फुलीचं चिन्ह नखाएवढं असणारी, आवाजासकट सुरू होणारी. अशी उसळून उघडणारी खिडकी नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत ईथन झुकरमन यांनी लिहिली आणि २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून त्याबद्दल माफी मागितली. फुली मारायला गेलेला अंगठा चुकून जाहिरातीवर पडतो आणि मोजणीत तो प्रतिसाद म्हणून धरला जातो. महिनाअखेरीला दुकानदाराला दाखवायला आकडा बरा दिसतो. २०१६ मध्ये जाहिरातदार आणि तंत्रज्ञान कंपन्यांनी मिळून काय चालणार नाही याचे निकष ठरवायला घेतले. मोबाइलच्या पानाचा ३० टक्क्यांहून जास्त भाग जाहिरातींनी भरणं त्यात बसत नाही. क्रोमनं फेब्रुवारी २०१८ पासून निकष मोडणाऱ्या संकेतस्थळांच्या जाहिराती गाळायला सुरुवात केली. एकदा येऊन जाणाऱ्याला असल्या जाहिरातीचा त्रास एकदाच होतो. जो रोज येतो, त्याचा छळ रोज, आणि पोर्टल ज्याच्या जिवावर चालतं तो नेमका हाच.

म्हणून पहिल्यांदा आलेला आणि पुन्हा आलेला यांना वेगळं वागवावं, हे शहाणपण आता मोठी संकेतस्थळं पाळतात. दुव्यावरून आलेल्याला दुकानाचं नाव आणि पत्ता पुरतो. रोजच्याला काहीतरी चालू हवं: सराफाकडून आजचा सोन्याचा दर, अडत्याकडून आजचा गुळाचा भाव, शाळेकडून ‘प्रवेशाचे आठ दिवस उरले’. दर बदलला की जाहिरात आपोआप बदलते आणि सराफाचं नाव रोज नजरेखालून जातं. यात वाचकाच्या मागे लागणंही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांवर माग काढून जाहिराती सोडायला बंदीची तरतूद आहे, आणि बातम्यांच्या पोर्टलावर शाळकरी मुलं येतच असतात.

शेवटी जाहिरात चालते की नाही हे कळायचं कसं? ईबे या कंपनीनं २०१२ मध्ये अमेरिकेत यासाठी एक धाडसी गोष्ट केली: शोधयंत्रावरच्या स्वतःच्या जाहिराती काही ठिकाणी बंदच करून पाहिल्या. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी त्याचे निष्कर्ष पुढं प्रसिद्ध केले. नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम होत होता. नेहमी येणाऱ्यांवर जवळजवळ काहीच नव्हता. ते असेही आलेच असते. आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावरच पडत होता.

हीच चाचणी निपाणीतल्या भांड्यांच्या दुकानालाही जमण्यासारखी आहे. बॅनरवर नेहमीचा नंबर न टाकता वेगळा व्हॉट्सॲप क्रमांक टाकायचा आणि पंधरा दिवस तिथं येणाऱ्या चौकश्या वहीत लिहायच्या. पुढचे पंधरा दिवस बॅनर काढून टाकायचा आणि दुकानातल्या विक्रीत फरक पडतो का ते गल्ल्यावर पाहायचं. दिवाळीच्या गर्दीत याला अर्थ नाही, सगळंच विकलं जातं. सण आणि लग्नसराई नसलेले दिवस त्याला बरे. बाजार थंड असतो, भाडंही कमी पडतं, आणि मालकाला वही लिहायला वेळ असतो.